सावकाराची वही आणि विज्ञानाचा उदय

व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे बोलताना प्रथम एका व्याख्यानमालेचीच आठवण काढणे योग्य होईल. सोळाव्या शतकात लंडन शहरात सर टॉमस ग्रेशम नावाचा एक मोठा व्यापारी होऊन गेला. इंग्लंडच्या राजसत्तेसाठी अँटवर्पच्या बाजारात कर्जे उभारणे हे त्याचे एक प्रमुख काम. व्यापाऱ्यांना सौदे करण्यासाठी एकत्र जमता यावे म्हणून त्याने लंडनमध्ये रॉयल एक्स्चेंज ही इमारत उभारली. १५७१ साली राणी एलिझाबेथने तिचे उद्घाटन केले. १५७९ साली ग्रेशम वारला. त्याने मृत्युपत्रात असे लिहून ठेवले होते की, पत्नीच्या पश्चात आपल्या राहत्या वाड्यात सात अध्यापक नेमावेत, त्यांनी शहरवासीयांपुढे व्याख्याने द्यावीत, आणि त्यांचा पगार एक्स्चेंजमधील गाळ्यांच्या उत्पन्नातून भागवावा. १५९७ साली ही व्याख्याने सुरू झाली. ती लॅटिनमध्ये होत, तशीच सामान्य माणसाला कळणाऱ्या इंग्रजीतही होत, आणि ऐकायला पैसे पडत नसत.

पुढे २८ नोव्हेंबर १६६० रोजी याच वाड्यात क्रिस्टोफर रेन याचे ज्योतिषशास्त्रावरील व्याख्यान झाले. व्याख्यान संपल्यावर बाराजण मागे थांबले आणि त्यांनी प्रयोगाने ज्ञान वाढवणारी एक मंडळी स्थापण्याचे ठरवले. हीच पुढे रॉयल सोसायटी म्हणून जगप्रसिद्ध झाली. म्हणजे कर्जे उभारणाऱ्याच्या पैशावर आणि दुकानगाळ्यांच्या भाड्यावर चाललेल्या एका व्याख्यानमालेच्या घरात ही विज्ञानसंस्था जन्मली. हा निव्वळ योगायोग होता काय, हा आजच्या विषयाचा प्रश्न आहे.

विज्ञानाचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो बहुधा थोर पुरुषांच्या चरित्रांच्या रूपाने. कोपर्निकस, गॅलिलिओ, न्यूटन अशी माळ ओवली की इतिहास पुरा झाला! याच्या उलट टोकाला दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, हे सारे बाजारपेठेने घडवले. माणसे केवळ निमित्तमात्र. आम्ही आयुष्य कामगार चळवळीत घालवले; तेव्हा आमचा ओढा या दुसऱ्या पक्षाकडे असणार, असे श्रोत्यांना वाटेल. एकेकाळी तो होताही. पण जसजसे वाचत गेलो तसतसे आमचे मत थोडे निराळे बनले. पैशाने विज्ञानाला प्रश्न दिले आणि मोजण्याची सवय दिली, हे निःसंशय. उत्तरे मात्र तेव्हा मिळाली, जेव्हा हाताने काम करणारा आणि पुस्तक वाचणारा हे दोघे एकत्र आले आणि त्यांनी आपली वही सर्वांपुढे उघडी ठेवली. हे कसे घडले ते आता क्रमाने पाहू.

शून्याचा प्रवास

आरंभ आपल्या घरापासूनच होतो. दहा चिन्हांनी कोणतीही संख्या लिहिण्याची रीत भारतात सिद्ध झाली आणि अरबांच्या हातून पश्चिमेकडे गेली. पीसा शहराचा लिओनार्डो, ज्याला आज फिबोनाची म्हणून ओळखतात, लहानपणी वडिलांबरोबर उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात राहिला. वडील तेथे पीसाच्या व्यापाऱ्यांतर्फे जकातीचे काम पाहत. तेथे त्या मुलाला हिंदूंचे नऊ अंक आणि शून्य यांची ओळख झाली. १२०२ साली त्याने या गणनपद्धतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात मालाचे भाव, वस्तुविनिमय, भागीदारीतील नफ्याची वाटणी, एका नाण्याचे दुसऱ्या नाण्यात रूपांतर अशी उदाहरणेच उदाहरणे भरलेली आहेत. पंडितांआधी हा ग्रंथ कोणाच्या उपयोगी पडणार होता, हे त्यावरून उघड दिसते.

तरीही हे अंक सहजासहजी स्वीकारले गेले नाहीत. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने हिशेबाच्या वहीत हे नवे आकडे लिहिण्यास मनाई केली. रकमा अक्षरांत लिहाव्यात असा नियम केला. आकड्यांत खाडाखोड सोपी, शून्याचा सहा किंवा नऊ करता येतो, अशी त्याची कारणे सांगतात. आपण आजही धनादेशावर रक्कम अक्षरी लिहितो, त्यामागेही हीच भीती आहे. पण गरज नियमाहून बलवत्तर ठरली. १३३८ च्या सुमाराचे फ्लॉरेन्सचे वर्णन व्हिल्लानी या बखरकाराने केले आहे. त्यात तो सांगतो की, व्यापारी हिशेब शिकवणाऱ्या सहा शाळांत हजार ते बाराशे मुले जात होती. ही मुले लॅटिन व्याकरण शिकणारी नव्हती. ती उद्याची कारकून, अडते आणि कारागीर होती. संख्येची भीती गेलेला एक नवा वर्ग युरोपच्या शहरांत अशा रीतीने तयार झाला.

१४९४ साली लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने व्हेनिसमध्ये अंकगणिताचा एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यातील एका भागात त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत समजावून सांगितली. ही पद्धत त्याने शोधली नव्हती. व्यापारी ती आधीपासूनच वापरत होते. त्याने ती छापून सर्वांच्या हाती दिली. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा जमेस आणि एकदा नावे, आणि शेवटी दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कोठेतरी चूक आहे हे वही स्वतःच सांगते. लिहिणारा कितीही प्रतिष्ठित असो, वाचणाराला पडताळा पाहण्याची सोय आहे. विचाराची ही शिस्त लहानसहान नव्हे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे वही खरी असतेच असे नाही. एकदा बोनसच्या वाटाघाटीत आमच्यापुढे कारखान्याचा ताळेबंद ठेवण्यात आला. पैसा न् पैसा जुळत होता आणि नफा मात्र दिसत नव्हता. आमच्याबरोबर एक फिटर बसला होता. यंत्रांच्या घसाऱ्याची यादी त्याने बोट ठेवून वाचली आणि तो म्हणाला, “साहेब, यातली चार यंत्रे तर आम्हीच भंगारात घातली, घसारा कशाचा धरला?” आमच्या वाचनाने जे साधले नव्हते ते त्याच्या हाताने साधले. आकडा आकड्याशी जुळणे ही पहिली पायरी. आकडा वस्तूशी जुळणे ही दुसरी. वहीने युरोपला पहिली पायरी शिकवली. दुसरी पायरी, जिला आपण प्रयोग म्हणतो, ती कोठून आली, हे पुढे येईलच.

व्याजाचे पाप आणि व्याजाचे कोष्टक

व्यापार वाढला तशी उसनवारी वाढली, आणि तेथे धर्म आडवा आला. मुद्दलाहून जास्त घेणे हे ख्रिस्ती धर्मपीठाच्या दृष्टीने पाप होते. सावकार विकतो तो काळ, आणि काळ तर देवाच्या मालकीचा; तो विकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा तो युक्तिवाद होता. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती रीतीचे दफनसुद्धा नाकारले. अनेक ठिकाणी ज्यूंना जमीन आणि कारागीर-संघ यांची दारे बंद होती. त्यांना किरकोळ सावकारीकडे ढकलण्यात आले आणि मग त्याच धंद्यासाठी त्यांचा द्वेष करण्यात आला. मोठ्या पेढ्यांना मात्र पळवाट सापडली होती. ती म्हणजे हुंडी. फ्लॉरेन्समध्ये एका नाण्यात रक्कम द्यायची आणि काही महिन्यांनी लंडनला किंवा ब्रुजला दुसऱ्या नाण्यात घ्यायची. व्याज हा शब्द कोठेच येत नसे. ते नाण्यांच्या भावफरकात गुपचूप बसलेले असे. १३९७ पासून १४९४ पर्यंत चाललेली मेडिची घराण्याची पेढी अशा व्यवहारांवर गबर झाली.

हळूहळू धर्मशास्त्रही नरमले. १५४५ साली कॅल्व्हिनने एका पत्रात काही मर्यादा घालून व्याजाला मान्यता दिली. त्याच वर्षी इंग्लंडात दहा टक्क्यांपर्यंतच्या व्याजास कायद्याने मोकळीक मिळाली. १५५२ मध्ये ती काढून घेण्यात आली. १५७१ मध्ये त्याच मर्यादेपर्यंत कायद्याने पुन्हा काणाडोळा केला. देवाचा काळ आता टक्क्यांत मोजला जाऊ लागला.

पण मोजणार कोण? दरसाल दर शेकडा दहाने काढलेले शंभराचे कर्ज चक्रवाढीने सात वर्षांत सुमारे एकशे पंचाण्णव होते, चौदा वर्षांत जवळजवळ तीनशे ऐंशी. ही वाढ ऋणकोच्या अंदाजाबाहेरची असते, आणि सावकाराची अर्धी सत्ता त्या अंदाज न येण्यात असते. पेढ्यांवर व्याजाची कोष्टके हस्तलिखितात असत आणि ती जपून, लपवून ठेवली जात. सायमन स्टेव्हिन हा ब्रुज गावचा माणूस. तरुणपणी अँटवर्पमध्ये हिशेबनीस होता. त्याने १५८२ साली व्याजाची कोष्टके सरळ छापून टाकली. पेढीवरचे गुपित बाजारात पुस्तकाच्या दुकानी विकत मिळू लागले! आमच्या मते युरोपच्या विज्ञानाच्या इतिहासातील हा एक फार महत्त्वाचा, पण उपेक्षित प्रसंग आहे.

हाच स्टेव्हिन पुढे काय करतो पाहा. १५८५ साली त्याने दशांश अपूर्णांकांवर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि ती आकाशनिरीक्षक, जमीन मोजणारे, गालिचे मोजणारे, दारूची पिंपे मोजणारे, टाकसाळीचे अधिकारी आणि व्यापारी यांना एकाच ओळीत अर्पण केली. आणि १५८६ साली त्याने दुसऱ्या एका प्रयोगाची हकीकत छापली. त्याने आणि त्याच्या मित्राने शिशाचे दोन गोळे, एक दुसऱ्याच्या दहापट जड, तीस फूट उंचीवरून एका फळीवर सोडले. दोन्ही पडल्याचा आवाज एकच आला. जड वस्तू वजनाच्या प्रमाणात लवकर पडते, हे ॲरिस्टॉटलचे मत दोन हजार वर्षे पंडितांच्या वहीत व्यवस्थित जुळत होते. एका हिशेबनीसाने ते वस्तूशी ताडून पाहिले.

खाणीतले पाणी

आता सावकारीचे दुसरे, अधिक भव्य रूप पाहू. आउग्सबुर्गचा याकोब फुगर हा सोळाव्या शतकाच्या आरंभीचा बहुधा सर्वात मोठा धनको. १५१९ साली पाचवा चार्ल्स सम्राट म्हणून निवडून यावा यासाठी मतदार राजेरजवाड्यांवर सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्ची पडले. त्यांतील साडेपाच लाखांच्या आसपास एकट्या फुगरने उभे केले. त्याच्या कर्जांचे तारण असे चांदी-तांब्याच्या खाणी. कर्ज वाढले तशा खाणी खोल गेल्या, आणि खाण खोल गेली की तळाला पाणी लागते. ते पाणी उपसणे हा मग सावकाराचा, खाणवाल्याचा आणि खाणकामगाराचा जीवनमरणाचा प्रश्न झाला.

बोहेमियातील योआखिमस्थाल या चांदीच्या खाणगावात जॉर्ज आग्रिकोला नावाचा वैद्य होता. येथल्याच चांदीची नाणी ‘थालर’ म्हणून प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या ‘डॉलर’ शब्दाचे मूळ तेच. हा वैद्य रोग्यांना पाहता पाहता खाणीत उतरला, कामगारांना विचारत राहिला, आणि त्याने खाणविद्येवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, तो बाझेलमध्ये प्रसिद्ध झाला. पंप, रहाट, हवा खेळवण्याचे पंखे, भट्ट्या या सर्वांची त्यात पावणेतीनशेहून अधिक लाकडी ठशांची चित्रे आहेत. जे ज्ञान बापाकडून मुलाकडे अंधाऱ्या बोगद्यात जात होते ते कागदावर उजेडात आले.

पंपाची गोष्ट येथेच संपत नाही. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या ग्रंथातील एक पात्र सांगते की, एक पंप बिघडला असे समजून त्याने तो दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बोलावले. कारागीर म्हणाला, दोष पंपात नाही. ओढून घेणारा कोणताही पंप अठरा हातांपलीकडे पाणी चढवू शकत नाही. अठरा हात म्हणजे सुमारे दहा मीटर. गॅलिलिओला त्याचे खरे कारण सापडले नाही. पण प्रश्न नोंदला गेला. १६४४ साली त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने काचेच्या नळीत पारा भरून दाखवले की, पाण्याला वर ढकलते ते बाहेरच्या हवेचे वजन. पाऱ्याचा स्तंभ सुमारे ७६ सेंटिमीटर राहतो. १६४८ साली पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए ती नळी घेऊन पुय द दोम हा डोंगर चढला. जसजसे वर जावे तसतसा पारा उतरत गेला. आणि १७१२ साली टॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने याच हवेच्या दाबाला कामाला लावून वाफेचे इंजिन उभे केले. कशासाठी? कोळशाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी! खाणीतून निघालेला प्रश्न दीडशे वर्षांचा प्रवास करून उत्तर घेऊन खाणीत परतला. पुढे त्या इंजिनाचे वारसदार एकोणिसाव्या शतकात आमच्या मुंबईच्या कापडगिरण्यांतही धडधडू लागले.

या मालिकेतील गॅलिलिओ, तोरिचेल्ली, पास्काल यांची नावे शाळेतील मुलालाही ठाऊक असतात. पंप दुरुस्त करणाऱ्याचे नाव मात्र गॅलिलिओने लिहून ठेवले नाही.

दुकानदारांची गणिते

सर्वच कारागीर असे निनावी राहिले नाहीत. बेर्नार पालिसी हा फ्रान्समधला कुंभार. लॅटिन त्याला येत नव्हते. १५७५ पासून त्याने पॅरिसमध्ये माती, खडक, झरे यांवर जाहीर व्याख्याने दिली. प्रवेशमूल्य एक एकू हे नाणे. आणि माझे म्हणणे खोटे पाडाल तर चौपट परत करीन, अशी त्याची प्रतिज्ञा होती. रॉबर्ट नॉर्मन हा लंडनचा जुना खलाशी, पुढे होकायंत्रे बनवू लागला. लोहचुंबकाची सुई उत्तर दाखवता दाखवता खालीही झुकते, हे त्याने मोजून १५८१ साली छापले. विल्यम गिल्बर्ट या राजवैद्याने १६०० साली चुंबकत्वावर थोर ग्रंथ लिहिला, त्यात नॉर्मनचे ऋण त्याने मान्य केले आहे.

रॉयल सोसायटीच्या काळात तर दुकानदारच पुढे आले. जॉन ग्राँट हा लंडनमध्ये बटणे, फिती, सुया-दोरे विकणारा. शहरात दर आठवड्याला मृत्यूंच्या याद्या छापल्या जात. लोक त्या वाचून साथीची चर्चा करत आणि फेकून देत. ग्राँटने त्या जमवल्या, जमाखर्चासारख्या मांडल्या आणि १६६२ साली पुस्तक काढले. शंभर मुलांपैकी छत्तीस सहा वर्षांच्या आत मरतात, असा त्याचा अंदाज होता. आपण वापरले ते दुकानातले साधे अंकगणित, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचा सभासद करून घेतले. डेल्फ्टचा लेवेनहुक कापडाचा दुकानदार. कापडाची वीण पारखण्यासाठी त्या धंद्यात भिंग लागतेच. त्याने स्वतः भिंगे घासली आणि पाण्याच्या थेंबात सूक्ष्म जीव पाहिले. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या माणसाने १६७३ पासून पन्नास वर्षे आपल्या डच भाषेतच पत्रे लिहिली आणि लंडनच्या पंडितांनी ती भाषांतर करून छापली.

सावकारीचाही येथे पुन्हा संबंध येतो. सरकारे युद्धासाठी कर्ज काढत आणि त्याबदली धनकोला तहहयात वर्षासन देत. म्हातारा लवकर मरणार, लहान मूल पुष्कळ वर्षे घेणार. तरी लंडनचे सरकार सर्वांना एकाच भावाने वर्षासने विकत होते. १६९३ साली एडमंड हॅलीने, त्याच धूमकेतूवाल्या हॅलीने, ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक रचले आणि वयाप्रमाणे वर्षासनाची रास्त किंमत काढून दाखवली. आजच्या विमाशास्त्राचा पाया असा घातला गेला.

पैशाची मर्यादा

तर मग सारे पैशानेच केले, असे म्हणावे काय? १९३१ साली लंडनच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत बोरिस हेसेन या सोव्हिएत पदार्थवैज्ञानिकाने न्यूटनच्या ग्रंथाची मुळे त्या काळच्या जहाजांत, खाणींत आणि तोफांत दाखवली. त्या निबंधाने अनेकांचे डोळे उघडले, आमचेही. तथापि प्रश्न बाजारातून आला म्हणजे उत्तरही बाजारात तयार होते असे नव्हे. केप्लरचे उदाहरण घ्या. १६१३ साली त्याने दुसरे लग्न केले आणि घरात दारूची पिंपे आणली. विकणाऱ्याने पिंपात एक काठी तिरपी घालून माप सांगितले. व्यापाऱ्याचे काम तेवढ्याने भागत होते. केप्लरचे भागेना. त्याने १६१५ साली पिंपांच्या घनफळावर पुस्तकच लिहिले आणि त्यातील विचार पुढे कलनशास्त्राच्या वाटेवरचा टप्पा ठरला. व्यापाऱ्याला भाव हवा होता. केप्लरला तो भाव बरोबर का, हे हवे होते.

आणि वहीची नावेची बाजू विसरून कसे चालेल? युरोपच्या बाजारात खेळणारी चांदी १५४५ नंतर पोतोसीच्या डोंगरातूनही येऊ लागली. तेथे १५७० नंतरच्या दशकात स्पॅनिश सत्तेने अँडीज पर्वतातील गावांवर पाळीपाळीने माणसे पुरवण्याची सक्ती केली. पाऱ्याने चांदी वेगळी करण्याची युक्ती बार्तोलोमे द मेदिना या सेव्हिलच्या व्यापाऱ्याने १५५४ साली मेक्सिकोत यशस्वी केली. ती रसायनाच्या इतिहासात जमेस धरतात. त्या पाऱ्याच्या वाफेने खंगून गेलेली माणसे मात्र कोणत्याच खात्यावर धरलेली नाहीत.

आपल्या किनाऱ्यावरही या वहीची दोन पाने आहेत. गार्सिया द ओर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. औषधी आणि मसाले यांचा व्यापार हा तर त्या वसाहतीचा प्राण. ओर्टाने व्यापाऱ्यांना आणि इथल्या वैद्यांना विचारून, स्वतः वनस्पती पाहून संवादरूप ग्रंथ लिहिला. १५६३ साली तो गोव्यात छापला गेला, आणि १५६७ साली अँटवर्पमध्ये त्याचे लॅटिन सार निघून सर्व युरोपभर वाचले गेले. ओर्टा मूळच्या ज्यू कुळातला. त्याच्या मृत्यूनंतर १५६९ साली त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळले आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. दुसरे पान थोडे सुखाचे आहे. मलबारच्या वनस्पतींवर डच अधिकारी व्हान रीड याने बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये निघाला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांची निवेदने त्यांच्या नावांसह छापली आहेत. कोकणी निवेदन तर नागरी लिपीत आहे. ज्याचे ज्ञान त्याचे नाव, एवढी साधी गोष्ट. पण त्या काळी ती दुर्मिळ होती.

सुरतेत हे का झाले नाही?

आता श्रोत्यांच्या मनात एक शंका नक्की आली असेल. आपल्याकडे व्यापार नव्हता काय? सावकारी नव्हती काय? दोन्ही होते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, व्याजाची उदाहरणे आहेत. हुंडी तर आपल्या बाजारात मुरलेली. सतराव्या शतकात सुरतेचा वीरजी व्होरा इतका बलाढ्य सावकार होता की इंग्रज कंपनी त्याची ऋणको होती. मग सुरतेत रॉयल सोसायटी का निघाली नाही?

याचे एकच एक उत्तर देणे धाडसाचे होईल. पण एक प्रसंग मार्गदर्शक आहे. सुरतेचा व्यापारी भीमजी पारेख याने ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापण्याच्या इच्छेने कंपनीकडे मुद्रक मागितला. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्रासह मुंबईस आला. पण त्याला छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते, आणि देशी लिपीचे खिळे काही साधले नाहीत. बेत तसाच राहिला. भीमजींकडे पैसा होता. आपल्याकडे अक्षर ओळखणारे पंडित होते आणि धातूवर नखाएवढे नक्षीकाम करणारे सोनारही होते. पैसा, पोथी आणि हात ही तिन्ही या देशात होती. एका बाकावर बसलेली नव्हती. जातीने त्यांची ताटे वेगळी केली होती, आणि विद्याही वेगळ्या केल्या होत्या. ज्याच्या हातात हातोडी त्याच्या हातात लेखणी नाही, आणि ज्याच्या हातात लेखणी त्याला हातोडीचा विटाळ! युरोपातही पंडित आणि कारागीर यांच्यात भिंत होतीच. पालिसी आणि नॉर्मन यांना पंडितांचे टोमणे ऐकावेच लागले. पण शाळा, छापखाना आणि जाहीर व्याख्याने यांनी त्या भिंतीला दारे पाडली.

उघडी वही

सारांश असा. व्यापाराने युरोपला संख्या शिकवली, सावकारीने काळ आणि धोका मोजायला शिकवले, खाणींनी आणि जहाजांनी प्रश्न दिले. पण जोवर कोष्टक पेढीच्या कपाटात होते, पंपाची मर्यादा कारागिराच्या डोक्यात होती आणि ग्रंथ लॅटिनच्या पडद्याआड होता, तोवर विज्ञान नव्हते. स्टेव्हिनने कोष्टक छापले, आग्रिकोला खाणीत उतरला, लेवेनहुकने आपल्या भाषेत लिहिले, ग्रेशमने सर्वांना फुकट बसायला जागा दिली. तेव्हा विज्ञान उभे राहिले. रॉयल सोसायटीने ब्रीद घेतले तेही याच अर्थाचे: कोणाच्याही शब्दावर विसंबू नका.

या गोष्टी जुन्या झाल्या असे कोणी समजू नये. आजही व्याजाचे कोष्टक असते, आजही ते कर्जदाराला कळणार नाही अशा बारीक अक्षरांत असते, आणि आजही यंत्राचा खरा स्वभाव ते चालवणाऱ्याला ठाऊक असून त्याला कोणी विचारत नाही. त्या फिटरचा प्रश्न ऐकल्यावर समोरच्या हिशेबनीसांनी यादी मागे घेतली आणि दुसऱ्या बैठकीत नवा ताळेबंद आला. आम्ही त्या फिटरला विचारले, “तुला हे वाचायला कोणी शिकवले?” तो म्हणाला, “वाचता कुठे येतंय सगळं? यंत्रांची नावं तेवढी ओळखीची होती.”

ग्रेशमच्या मृत्युपत्राने सुरू झालेली व्याख्याने लंडनमध्ये आजही होतात, आणि आजही ती फुकट ऐकता येतात. तेथे परीक्षा नाही, पदवी नाही. आपली व्याख्यानमालाही त्याच जातकुळीची आहे. येथे आलेल्या प्रत्येकाने जाताना एक तरी बंद वही उघडून पाहण्याचे ठरवले, आणि ती वाचताना यंत्रांची नावे ओळखणारा कोणी शेजारी बसवून घेतला, तर आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.